आंतेरोची निळी खुर्ची

फेब्रुवारीच्या शेवटी आमच्या गल्लीत अशी बातमी फिरत होती, की आंतेरो फुर्तादोनं पालिकेवर सूड उगवला. पाणीखात्यात एकतीस वर्षं घासून निवृत्त झाला, तेव्हा खात्यानं त्याला भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते पहिल्याच वर्षी बंद पडलं. म्हणून आता नऊ वर्षांनी या गड्यानं मुद्दाम आपली वाइनच्या रंगाची लांबलचक गाडी नेली आणि आगीच्या बंबाला पाणी देणाऱ्या रस्त्यावरच्या नळासमोर उभी केली. वर दंडाची पावती फाडायला आलेल्या माणसाला म्हणाला, आधी घड्याळ बदलून द्या. कोपऱ्यावरच्या बेकरीत नॉर्बेर्तो ही बातमी दर पावाबरोबर फुकट देत होता.

बातमीतला घड्याळाचा भाग खरा आहे. ते अजून त्यांच्या स्वयंपाकघरात सव्वाआठ वाजवून लटकलेलं आहे. बाकी सगळं नॉर्बेर्तोच्या भट्टीतलं. गाडी नळासमोर उभी राहिली त्या दिवशी आंतेरो दोन मैलांवरच्या हॉस्पिटलात होता. खुब्याच्या हाडात नुकतेच दोन स्क्रू बसवले होते आणि नर्स त्याला तिसऱ्यांदा विचारत होती, की आज वार कोणता. तो म्हणाला, "वार राहू द्या, बर्फ किती इंच झाला ते सांगा."

हे विचारणं त्याला शोभतं. बर्फ पडला की आमच्याकडे माणसं आधी आपल्या पायऱ्या मोकळ्या करतात, मग गाडी, आणि अंगात जीव उरला तर पायवाट. आंतेरो आधी नळ मोकळा करतो. गेली बावीस वर्षं. बावीस वर्षांपूर्वी एका जानेवारीत अठरा नंबरच्या घराचं स्वयंपाकघर पेटलं. बंब चार मिनिटांत आला, आणि पुढची अकरा मिनिटं बंबवाले फावडी घेऊन नळ शोधत बर्फात भोसकत राहिले. माणसं वाचली. घराची मागची बाजू आणि दोन कुत्री गेली. आंतेरो तेव्हा खात्यातच होता. नळाची जागा त्याला पाठ होती, पण तो त्या वेळी गावाच्या दुसऱ्या टोकाला फुटलेल्या जलवाहिनीवर होता. तेव्हापासून बर्फ थांबायच्या आतच हा गडी फावडं घेऊन बाहेर. नळाभोवती चारी बाजूंनी तीन तीन फूट जागा, तळाशी फरशी दिसेपर्यंत. बायको देओलिंडा म्हणते, "जेवण थंड होत असताना नवरा जिथे असतो, त्या जागेला बंबाचा नळ म्हणतात." तिचं स्वयंपाकघर मागच्या बाजूला आहे. नळाबद्दल तिला एवढीच माहिती.

आणि त्या चिठ्ठ्या. नळासमोर कुणाची गाडी दिसली, की आंतेरो वायपरखाली कागद खोचतो. सुबक अक्षरात. "साहेब, आग लागली तर बंबवाल्यांना तुमच्या डिकीतून पाणी काढायला सांगू का? किल्ली ठेवून जा. आं. फुर्तादो, ४२ नंबर, तळमजला." गल्लीतल्या निम्म्या लोकांकडे असा एकेक कागद आहे. नॉर्बेर्तोकडे अकरा आहेत, कारण त्याची पावाची व्हॅन तिथे "फक्त दोन मिनिटं" उभी असते. ते अकरा कागद त्यानं पाव कापायच्या यंत्राखालच्या खणात जपून ठेवलेत. कशासाठी, ते त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं. या फेब्रुवारीत ठाऊक झालं: येईल त्या गिऱ्हाइकाला दाखवून हसायला.

आता खुर्चीचं सांगायला हवं. आमच्या टेकडीवर कायदा दोन प्रकारचा. एक पालिकेचा, तो कागदावर. दुसरा खुर्चीचा. बर्फातून ज्यानं जागा उपसून काढली, त्यानं तिथे मोडकी खुर्ची ठेवावी. ती हलत नाही तोवर जागा त्याची. कामावर जा, सासूकडे जा, अंत्यविधीला जा, परत आलात की जागा तुमची. पालिकेच्या कायद्याला लोक सतरा पळवाटा काढतात. खुर्चीला हात लावायची कुणाची छाती नाही. समोरच्या घरातल्या विबोलनं नवीन राहायला आल्यावर एकदाच एक खुर्ची बाजूला सरकवली होती. दुसऱ्या सकाळी त्याच्या गाडीवर पाणी ओतून ठेवलेलं, ते रात्रीत गोठून गाडी काचेच्या बरणीतल्या माशासारखी. त्यानंतर विबोल खुर्च्यांना जवळजवळ नमस्कार करून जातो.

त्या दिवशी सकाळी बर्फ सुरू झाला. नळाची खूण म्हणून आंतेरो दर हिवाळ्यात लाल फडकं बांधलेली काठी रोवतो, ती काठी नेमकी तळघरात रंग देऊन वाळत घातलेली. ओली काठी कशी रोवणार? म्हणून तात्पुरती सोय म्हणून त्यानं स्वयंपाकघरातली बैठक मोडलेली निळी खुर्ची उचलली आणि नळाच्या पुढ्यात रस्त्याच्या कडेला ठेवून दिली. संध्याकाळी फावडं मारायला येऊ तेव्हा जागा सापडावी, एवढाच हेतू. ती ठेवून वळला, पाय सरकला आणि आडवा झाला.

अँब्युलन्स त्याला घेऊन गेली, बर्फ पडत राहिला, आणि पालिकेनं बर्फाची आणीबाणी जाहीर केली. दुपारी चारपासून सम नंबरांच्या बाजूला एकही गाडी नको, दिसली की उचलणार. आंतेरोची गाडी सम बाजूला. देओलिंडाला गाडी चालवता येत नाही. वरच्या मजल्यावरची झुल्मिरा शाळेची बस चालवते. वडीलधाऱ्या बाईला ती 'दोना' म्हणते आणि बाप्याला 'सेन्योर'. ती खाली आली आणि म्हणाली, "दोना देओलिंडा, किल्ली द्या. सेन्योर आंतेरो घरी आले आणि गाडी पालिकेच्या आवारात सापडली, तर दुसरा खुबापण मोडून घेतील." समोरून विबोल आला, त्याचा मेहुणा आला. तिघांनी फावडी घेतली. समोरची बाजू खच्चून भरलेली, शिरायला फट नाही. फक्त एका ठिकाणी गाडीएवढ्या जागेत गाडी नव्हती, नुसता बर्फाचा ढीग होता, आणि त्या ढिगातून वर निघालेली निळी पाठ सगळ्यांनी ओळखली.

"ती बघा, त्यांची खुर्ची," देओलिंडा पोर्चवरून ओरडली. "बिचाऱ्यानं पडायच्या आधी जागा धरून ठेवली होती."

आता कुणी म्हणेल, नळ तिथे आहे हे गल्लीतल्या माणसांना कळू नये? उन्हाळ्यात कळतं. पण बर्फ मांडीपर्यंत, वर बर्फ सारणाऱ्या ट्रकनं कडेला रचलेली भिंत, घरं सगळी एकसारखी तीन मजली, कठडे गाडले गेलेले. नळ या जागेच्या वरच्या अंगाला की खालच्या, यावर झुल्मिरा आणि विबोल दोन मिनिटं बोललेसुद्धा. पण समोर खुर्ची होती. खुर्चीपुढे वाद कसला? शिवाय बावीस वर्षं नळ शोधायची वेळ कुणावर आलीच नव्हती.

ते चौघं तो ढीग अडीच तास उपसत होते. देओलिंडा पोर्चवरून हुकूम सोडत होती, म्हणून तिला धरून चौघं. गाडी आत नेली. खुर्ची झटकून, पुसून पोर्चवर नेऊन ठेवली.

तिसऱ्या दिवशी ऊन पडलं. बर्फ खाली बसला, आणि टोपलीखालून कोंबडीनं मान काढावी तसं नळाचं लाल टोपण पायवाटेवर वर आलं. तासाभरात काचेवर नारिंगी पावती. झुल्मिरानं टोपण आणि पावती एकदमच पाहिली. तिनं गाडी परत आपल्या बाजूला नेली, पावती काढून देओलिंडाच्या पावाच्या डब्यात तळाशी लपवली, आणि दोघींनी शपथ घेतली की आंतेरोला चालता येईपर्यंत बोलायचं नाही.

शपथ चार दिवस टिकली. पाचव्या दिवशी नॉर्बेर्तो भेटायला गेला. हातात गोड पाव, तोंडात त्याहून गोड बातमी.

"ऐकलं ते खरं का रे, आंतेरो? नळासमोर गाडी? तू?"

"कोण म्हणतं?"

"पालिका म्हणते. नारिंगी कागदावर. मी बघून आलो ना, काचेवर होता तेव्हा. म्हटलं एक चिठ्ठी मीही खोचावी, पण तुझ्यासारखं अक्षर नाही आपलं."

आंतेरोनं पाव बाजूला ठेवला. त्यानं पहिला प्रश्न गाडीचा विचारला नाही. "नळ मोकळा केलाय का कुणी?" नॉर्बेर्तोला माहीत नव्हतं. आंतेरोनं नर्सचा फोन मागून घेतला, विबोलला लावला, आणि खाटेवर पडल्या पडल्या त्याच्याकडून नळ उकरून घेतला. डावीकडे अजून एक फूट. तळाशी फरशी दिसते का? दिसत नाही तर अजून खाली.

विबोल सगळं झाल्यावर म्हणाला, "पू, गाडी आम्ही लावली." पू म्हणजे विबोलच्या भाषेत काका. "खुर्ची होती म्हणून."

"खुर्ची," आंतेरो म्हणाला आणि डोळे मिटून पडून राहिला. नर्सला वाटलं दुखतंय.

संध्याकाळी झुल्मिरा आली. ती दारातच उभी राहिली, शाळेतल्या पोरांना दटावणारी बाई, स्वतःच बाकावर उभी केल्यासारखी. "मी चालवली," ती म्हणाली. "काय बोलायचं ते मला बोला, दोना देओलिंडाला नको."

"तिला मी कधी बोललोय? तीच बोलते."

"मी लिहून देते. पालिकेला. तुम्ही हॉस्पिटलात होतात, गाडी मी लावली, सही माझी. तुमचं नाव मोकळं."

"आणि तुझी बस?"

"बसचं काय त्यात? काही होत नाही," झुल्मिरा म्हणाली. ती इतकं भरभर म्हणाली, की काहीतरी होऊ शकतं हे आंतेरोला समजलं. तिच्या डेपोत दर वसंतात सगळ्या चालकांची चौकशी होते, हे त्याला माहीत होतं. तिथे या कागदाचा काय अर्थ लावतील ते तिलाही माहीत नव्हतं.

तरीही तिनं लिहून दिला तो कागद त्यानं घेतला. हे लपवून चालणार नाही. आंतेरो काही संत नाही, आणि असता तरी आमच्या गल्लीनं होऊ दिलं नसतं. चव्वेचाळीस वर्षं गाडी चालवून एक पावती नाही, हे तो लग्नात, बारशात, न्हाव्याकडे सांगत आलेला. पण तेवढ्यासाठीही नाही. देओलिंडानं म्हटलं, दंड भर आणि मोकळा हो, तेव्हा तो म्हणाला, "अगं, ही पावती राहिली, तर उद्या नॉर्बेर्तोच्या काचेवर मी कागद कोणत्या तोंडानं लावू? तो म्हणेल, तूच लावली होतीस. आणि त्यानं म्हटलं की सगळे म्हणतील. मग तिथे रोज गाड्या उभ्या राहतील, आणि मी पोर्चवर बसून बघायचं."

त्यानं पालिकेकडे हरकत नोंदवली. सुनावणी मार्चच्या अखेरीस लागली.

त्या सकाळी झुल्मिरानं गाडी काढली. मागे देओलिंडा आणि विबोल. विबोलला कुणी बोलावलं नव्हतं. तो कोट घालून येऊन बसला. पालिकेपाशी गाडी लावायला झुल्मिरानं तीन चकरा मारल्या. पहिल्या जागेपाशी नळ दिसला, दुसऱ्या जागेपाशी नळ असावा असं वाटलं, तिसऱ्या जागेपाशी तिनं उतरून झुडपामागे पाहून घेतलं. शेवटी इतकी लांब लावली, की आंतेरोला वॉकर घेऊन दोन चौक चालावं लागलं.

"पुढच्या गावात लावली असतीस तरी चाललं असतं," तो म्हणाला. "तिथून बस आहे."

"चाला, डॉक्टरांनी सांगितलंय चालायला."

वाटेत एक नळ लागला. आंतेरो थांबला, टोपण फिरवून पाहिलं, मान हलवली आणि पुढे निघाला.

सुनावणीची खोली म्हणजे एक टेबल, चार खुर्च्या आणि कुणीतरी विसरलेली छत्री. अधिकारी केर्नी नावाचा, लांब हातांचा, सर्दी झालेला माणूस. त्यानं फाइल उघडली.

"गाडी तुमची?"

"माझी."

"फोटोत नळाचं टोपण दिसतंय."

"दिसतंय. तो लाल रंग मीच दिला होता. टिकलाय बरा."

केर्नीनं वर पाहिलं. "तुम्ही पाणीखात्यात होतात. म्हणजे नळ कुठे आहे हे तुम्हाला न दिसताही कळलं असतं."

"झोपेतसुद्धा."

"मग हरकत कशाची घेतलीत?"

आता देओलिंडाला राहवेना. तिनं पर्स उघडली आणि हॉस्पिटलनं मनगटाला बांधलेली प्लास्टिकची पट्टी टेबलावर ठेवली, तिच्याशेजारी हॉस्पिटलचा कागद. "हा माणूस त्या दिवशी खाटेवर होता. चमचा धरता येत नव्हता, गाडी कुठून धरणार?"

केर्नीनं तारीख वाचली, शिंकला, आणि त्याचा चेहरा उजळला. "मग प्रश्नच नाही. गाडी तुम्ही लावली नाही. ज्यानं लावली त्याचं नाव आणि सही द्या, मी तुमच्यावरची पावती रद्द करतो. पाच मिनिटांचं काम."

झुल्मिराचा कागद आंतेरोच्या कोटाच्या आतल्या खिशात होता. त्याचा हात खिशाकडे निघाला. तेवढ्यात केर्नीनं पावतीबरोबरचा फोटो त्याच्यापुढे सरकवला. "हीच जागा ना, खात्री करा."

आंतेरोनं चष्मा लावला. पावती त्यानं दहा वेळा वाचली होती. फोटो आज पहिल्यांदा पाहत होता.

फोटोत त्याची गाडी होती. दोन्ही बाजूंना बर्फाची भिंत, कडा अशा सरळ जणू कुणी दोरी धरून कापलेल्या. हे विबोलचं काम, त्याला ओबडधोबड काही चालत नाही. चारही चाकांपाशी राख टाकलेली, म्हणजे निघताना चाकं घसरू नयेत. ही राख देओलिंडाच्या शेगडीची, ती कुणाला चिमूटभर देत नाही. बॉनेटवर इंजिन गारठू नये म्हणून फुलाफुलांची जाड रजई. ती विबोलच्या सासूच्या पलंगावरची, आंतेरोनं ती उन्हात टाकलेली पाहिली होती. आणि दोन्ही वायपर काचेपासून उचलून उभे केलेले, बर्फानं चिकटू नयेत म्हणून. हे झुल्मिराचं. ती रोज संध्याकाळी आपल्या बसचे वायपर असेच उचलते. उभ्या वायपरमध्ये ती नारिंगी पावती नीट खोचलेली होती.

आंतेरोनं फोटो बराच वेळ धरून ठेवला. हॉस्पिटलात पडल्या पडल्या त्यानं चार दिवस याच बर्फाचे इंच विचारले होते. आता आपल्यावाचून कोण फावडं उचलणार, म्हणून जीव जाळला होता. आणि त्याच वेळी हे लोक वाऱ्यात उभे राहून त्याच्या गाडीला अंथरूण पांघरूण घालत होते. यांच्यातल्या कुणाला त्यानं कधी धड चांगलं म्हटलं होतं? विबोलला दोनदा चिठ्ठी लावली होती. झुल्मिराला जिन्यात बूट वाजवते म्हणून बोलला होता.

त्यानं कागद खिशातच राहू दिला आणि हात मांडीवर ठेवला.

"जागा तीच," तो म्हणाला.

"आणि लावली कुणी?"

"शेजाऱ्यांनी."

"कोणत्या? नाव लागेल."

झुल्मिरा ताडकन उभी राहिली. "मी..."

"बस खाली, झुल्मिरा."

"या कोण?" केर्नीनं विचारलं.

"वरच्या मजल्यावरची. दिवसभर बसमध्ये बसून असते, म्हणून मधेच उभी राहते. लक्ष देऊ नका."

मग विबोलनं हात वर केला. "हे समोरचे," आंतेरो म्हणाला. "यांना हात वर करायची सवय आहे." देओलिंडा काही बोलणार, तर त्यानं तिच्याकडे नुसतं पाहिलं, आणि लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच त्याचा उपयोग झाला.

केर्नीनं पेन खाली ठेवलं. "मिस्टर फुर्तादो, मला मदत करायची आहे. तुम्ही करू देत नाही."

"साहेब, असं लिहा. त्या जागेवर खुर्ची होती. ती माझी. नळाची खूण म्हणून मी ठेवली, आणि कशासाठी ठेवली ते कुणाला सांगितलं नाही. आमच्याकडे ज्याची खुर्ची त्याची जागा. खुर्ची मी ठेवली म्हणजे गाडी मीच लावली. पुढची माणसं फक्त माझं ऐकत होती."

केर्नीनं नाक पुसलं. तो कुठल्या गल्लीत वाढला ते त्याच्या तोंडावर दिसलं. "आमची आई इस्त्रीचं टेबल ठेवायची," तो म्हणाला.

"कुणी हलवलं कधी?"

"आईला ओळखत होते सगळे." मग त्यानं पेन उचललं. "पण पालिकेच्या कायद्यात खुर्ची नाही. नाव दिलं नाहीत, तर पावती कायम राहणार."

"राहू द्या."

"चव्वेचाळीस वर्षांत पहिली, असं इथे तुम्हीच लिहिलंय."

"आता दुसरीला पंचेचाळीस लागतील."

केर्नीनं शिक्का मारला आणि हरकत फेटाळली. आंतेरो उठताना म्हणाला, "एक मागू का? हा फोटो मिळेल?" केर्नीनं आधी नियम आठवायचा प्रयत्न केला, मग फोटोची प्रत काढून त्याच्या हातात दिली.

बाहेर पायऱ्यांवर झुल्मिराचा बांध फुटला. "सही करून दिली होती, तो कागद का नाही काढला? हट्टी म्हातारा."

"तुझं अक्षर वाईट आहे," आंतेरो म्हणाला. "त्याला वाचता आलं नसतं." थोडं पुढे गेल्यावर त्यानं वॉकर थांबवला. "वायपर तू उचलले ना?"

"कोण उचलणार मग? गोठले असते."

"हं," तो म्हणाला. एवढंच म्हणाला, पण घरी पोचेपर्यंत त्यानं झुल्मिराच्या वळणांवर, ब्रेकवर, कशावरच एक शब्द काढला नाही. झुल्मिरा म्हणते, ही तिला आजवर मिळालेली सगळ्यात मोठी शाबासकी आहे.

गल्लीत उतरल्यावर विबोल म्हणाला, "पू, आता एकदा दाखवून ठेवा. पुढच्या वेळी खुर्ची नको." मग आंतेरो वॉकर टेकत टेकत समोरच्या एकोणचाळीस नंबरच्या अंगणातल्या मारियामातेच्या मूर्तीपाशी गेला, आणि तिथून मोजत निघाला. त्याच्यामागे विबोल, विबोलच्या मागे झुल्मिरा, शेवटी देओलिंडा. अकरा पावलं. देओलिंडाच्या पायानं चौदा. तिनं ती दोनदा मोजली आणि म्हणाली, "चाळीस वर्षं संसार केला, हे आज दाखवतोस."

चौदाव्या पावलावर नळ होता. आणि नळासमोर नॉर्बेर्तोची पावाची व्हॅन.

आंतेरोनं खिशातून झुल्मिराचा कागद काढला. वरचा लिहिलेला अर्धा भाग फाडून तिच्या हातात दिला. खालच्या कोऱ्या भागावर, व्हॅनच्या बॉनेटवर टेकून, नेहमीच्या सुबक अक्षरात चार ओळी लिहिल्या, आणि वायपर उचलून त्याखाली खोचल्या. एक हात वॉकरवर होता, म्हणून विबोलनं वायपर धरला.

नॉर्बेर्तो बेकरीच्या दारातून हे सगळं बघत होता. सुनावणीचा निकाल त्याला आधीच कळला होता. कसा, ते विचारू नका. तो अंगाला पीठ लागलेलं तसंच बाहेर आला, बारावा कागद काढून वाचला, आणि पाव घ्यायला आलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "काय रे आंतेरो, आत्ताच हरून आलास ना? याच जागेची पावती डोक्यावर घेऊन आलास, आणि मला कागद लावतोस? कोणत्या तोंडानं?"

आंतेरोनं वॉकर वळवून त्याच्याकडे तोंड केलं.

"याच. तुझी गाडी इथे तू एकट्यानं लावलीस, नॉर्बेर्तो. माझी लावायला चार माणसं लागली."